मज्जामुळाची वेदना: एकच इंजेक्शन की सलग औषध?

मणक्यांमधील सरकलेल्या चकतीमुळे मज्जामुळावर, म्हणजे पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या मज्जातंतूच्या मुळावर, दाब आणि सूज येऊन कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते, तेव्हा एपिड्युरल (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत औषध देण्याच्या) उपचाराचे दोन मार्ग विचारात घेतले जातात. स्टेरॉइडचे एकच इंजेक्शन क्ष-किरणांच्या मार्गदर्शनाखाली दिले जाते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. गुण यायला काही दिवस लागतात, तो काही आठवडे टिकतो, मात्र मधुमेहींची साखर काही काळ वाढू शकते.

सलग औषधाची पद्धत अधिक जोखमीची आहे. एपिड्युरल पोकळीत बारीक नळी ठेवून पंपाद्वारे ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे सौम्य द्रावण, साधारण ०.१ टक्क्याच्या आसपासचे, ताशी काही मिलिलिटर सोडले जाते. ते मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग रोखते आणि कळ लवकर शमते. मात्र रक्तदाब उतरणे, पाय लुळे पडणे, लघवी तुंबणे, नळीवाटे जंतुसंसर्ग होणे हे धोके असल्याने रुग्णाला देखरेखीखाली ठेवावेच लागते. झोपूही न देणाऱ्या तीव्र कळेत, गोळ्यांनी भागत नसेल तरच, ही पद्धत मला समर्थनीय वाटते. एरवी इंजेक्शनच आधी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास दोन्हींपूर्वी डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक आहे, आणि लघवी-शौचावरील ताबा सुटत असेल तर दोन्ही बाजूला ठेवून तातडीने शस्त्रक्रियेचा सल्ला घ्यावा.