विलीनीकरणानंतरची ज्येष्ठता यादी: अमेरिकेतली लवाद पद्धत कितपत कामाची?

दोन विमान कंपन्या एक होतात तेव्हा प्रवाशाला नवा रंग आणि नवा गणवेश दिसतो. वैमानिकाच्या दृष्टीने मात्र खरी घडामोड एकाच कागदावर होते: ज्येष्ठता यादीवर. कमांड (कॅप्टनपद) कधी मिळणार, कोणते विमान, कोणत्या शहरातला बेस, दिवाळीत सुट्टी की रात्रीचे उड्डाण, मंदीत सर्वांत आधी घरी कोण बसणार, हे सारे यादीतला क्रमांक ठरवतो. दोन याद्यांची एक यादी करून देण्याचे काम अमेरिकेत लवाद मंडळ करते. ही सेवा वैमानिकाच्या किती उपयोगाची, याचे हे परीक्षण.

आमचा कौल आधीच सांगतो. पद्धत चांगली आहे, पण तिचे यश लवादाच्या हुशारीपेक्षा कामांच्या क्रमावर जास्त अवलंबून असते. आधी दोन्ही गटांचा एकच वेतनकरार, मग यादी. हा क्रम उलटला की निकाल फायलीत पडून राहतो.

2001 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए (ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स) ही कंपनी विकत घेतली. टीडब्ल्यूएच्या निम्म्याहून अधिक वैमानिकांची नावे थेट यादीच्या शेपटाला जोडली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरचे हल्ले झाले, कपात सुरू झाली आणि शेपटाला असलेले पहिल्यांदा गेले. या अन्यायातूनच 2007 च्या डिसेंबरमध्ये मॅककॅस्किल-बॉन्ड कायदा आला. याद्या ‘न्याय्य आणि समतोल’ पद्धतीने जोडल्याच पाहिजेत, आपसांत जमले नाही तर लवादाकडे जायचे, असे तो सांगतो. लवाद निवडायची रीतही साधी आहे: सात नावे येतात, दोन्ही बाजू आळीपाळीने एकेक खोडतात, उरतो तो लवाद. दोन्हीकडे एकच संघटना असेल, तर तिचे स्वतःचे विलीनीकरण धोरण लागू होते.

आता यादी जोडतात कशी? समजा, अ कंपनीत 3000 वैमानिक आणि ब कंपनीत 1000. ब मधला 500 व्या क्रमांकाचा वैमानिक आपल्या यादीच्या बरोबर मध्यावर आहे. तीनास एक या प्रमाणात नावे गुंफली, तर नव्या यादीत तो 2000 च्या आसपास येतो, म्हणजे पुन्हा मध्यावरच. शेपटाला जोडले तर 3500 वा. नोकरीला लागल्याच्या तारखेने लावले तर? ऐकायला हे सर्वांत न्याय्य वाटते. पण ब कंपनी नवी असेल आणि अ मधले सगळे तिच्या आधी लागलेले असतील, तर तारखेनेही तो 3500 वाच येतो. तारखेचा आग्रह नेहमी जुन्या कंपनीकडूनच का होतो, ते इथे कळते.

म्हणून आजचे लवाद सहसा सरसकट प्रमाण लावत नाहीत. वाइड-बॉडीचे (रुंद, मोठ्या विमानांचे) कॅप्टन, नॅरो-बॉडीचे (अरुंद, लहान विमानांचे) कॅप्टन, मग फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) असे गट पाडतात आणि प्रत्येक गटात वेगळे प्रमाण धरतात. शिवाय सेवेची वर्षे आणि विलीनीकरण झालेच नसते तर वैमानिक कुठवर पोहोचला असता, हेही तोलतात. चुका होतात त्या याच ठिकाणी. याद्या गोठवण्याची तारीख, म्हणजे ज्या दिवसाची स्थिती हिशेबात धरायची तो दिवस, सहा महिने पुढेमागे झाली, तर त्या काळात आलेली नवी विमाने एका गटाचे कॅप्टन वाढवतात आणि सगळे प्रमाण हलते. दुसरी गफलत निवृत्तीची. एका कंपनीतले बरेच जण 65 च्या जवळ असतील, तर त्यांच्या जाण्याने रिकाम्या होणाऱ्या जागांचा फायदा दुसऱ्या गटालाही मिळतो आणि मूळ कंपनीतल्या तरुणांची बढती लांबते.

डेल्टा-नॉर्थवेस्टने 2008 मध्ये हे काम उत्तम केले. वेतनकरार आधी झाला, यादीचा निकाल डिसेंबरमध्येच आला, आणि नॉर्थवेस्टची बोइंग 747 व डेल्टाची बोइंग 777 यांच्याभोवती काही वर्षांचे कुंपण घातले गेले, म्हणजे तेवढा काळ त्या विमानांवरच्या जागा मूळ कंपनीच्या वैमानिकांसाठी राखून ठेवल्या गेल्या. आपापल्या मोठ्या विमानांवरचा हक्क शाबूत राहिल्याने दोन्ही गटांनी निकाल पचवला. कुंपण ही या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, असे आमचे ठाम मत आहे.

याउलट यूएस एअरवेज-अमेरिका वेस्ट. विलीनीकरण 2005 चे, लवाद जॉर्ज निकोलाऊ यांचा निकाल मे 2007 चा. वरच्या 517 जागा यूएस एअरवेजच्या वाइड-बॉडी वैमानिकांना मिळाल्या. पण कपातीत घरी बसलेले त्यांचे लोक, दीड दशकाहून जास्त सेवा झालेलेसुद्धा, काही महिन्यांपूर्वी अमेरिका वेस्टमध्ये लागलेल्यांच्या खाली गेले. निकालाला तर्क होता: ज्याच्याकडे त्या दिवशी नोकरीच नाही, त्याने नोकरीवाल्याच्या वर जाऊ नये. तरी दुखावलेला गट संख्येने मोठा होता आणि एकत्र करार झालेला नव्हता. 2008 मध्ये त्यांनी मतदानाने संघटनाच बदलली. ती यादी कधीच लागू झाली नाही. एकाच कंपनीत पूर्व (जुनी यूएस एअरवेज) आणि पश्चिम (जुनी अमेरिका वेस्ट) असे दोन गट वर्षानुवर्षे वेगळ्या याद्यांवर उडत राहिले. अमेरिकन एअरलाइन्सशी विलीनीकरण झाल्यावर, 2016 मध्ये, तीन गटांची नवी यादी आली तेव्हा कुठे प्रश्न मिटला.

भारतात अशी सेवा उपलब्धच नाही. याद्या जोडण्यासाठी सक्तीच्या लवादाचा वेगळा कायदा नाही. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या, पण वैमानिकांच्या दोन संघटना आणि बढतीच्या दोन वाटा तशाच राहिल्या. दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांच्या एकत्रीकरणावरच्या न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल यायला 2012 उजाडले, आणि त्याच वर्षी नव्या बोइंग 787 चे प्रशिक्षण कोणाला द्यायचे यावरून 58 दिवसांचा संप झाला. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 रोजी एअर इंडियात मिसळली. त्याआधी एप्रिलमध्ये तिची उड्डाणे रद्द होत होती, कारण नव्या करारात दरमहा हमीने वेतन मिळणारे उड्डाणाचे तास 70 वरून 40 वर आले होते आणि वैमानिक नाराज होते.

म्हणून इथल्या वैमानिकाने विलीनीकरणाचा नवा करार सही करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागाव्यात: याद्या गोठवण्याची तारीख, जोडण्याचे सूत्र, सध्याच्या विमानावरच्या कमांडला किती वर्षांचे कुंपण, आणि यादीतल्या चुकीवर हरकत घेण्याची मुदत. यादी हाती आली की स्वतःच्या क्रमांकासोबत वरच्या आणि खालच्या दहा नावांच्या तारखाही ताडून पाहाव्यात. एकाच दिवशी लागलेल्यांचा क्रम वयाने लावला की प्रशिक्षणातल्या गुणांनी, हे त्या वीस नावांत लगेच दिसते.