चिलर घेतला एप्रिलसाठी, कामाला आला जूनमध्ये: रीफ टँकवरचा दहा महिन्यांचा अनुभव

आमचं घर पुण्यात सिंहगड रोडला, चौथ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. तीन फुटी रीफ टँक, म्हणजे समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. सम्प, म्हणजे फिल्टरची खालची टाकी, धरून साधारण २०० लिटर पाणी. दोन क्लाउनफिश, एक फायरफिश, आणि कोरल सगळी सॉफ्ट, म्हणजे दगडी सांगाडा नसलेली: झोआ, मशरूम, लेदर, झेनिया. हार्ड कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. "सगळेच ठेवतात हो" म्हणणारे भेटतात, पण मी त्या वाटेला जात नाही.

फेब्रुवारी संपता संपता पाण्यानं तिशी गाठली आणि माझं धाबं दणाणलं. मला ते २६ अंशांवर हवं असतं. फार तापलं की कोरलच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल बाहेर पडतं आणि कोरल पांढरं पडतं. गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो, त्यामुळे मासे धापा टाकायला लागतात. मग काय, मागचापुढचा विचार न करता चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड करणारं यंत्र, मागवला.

तो येईपर्यंत तात्पुरते म्हणून कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे पाण्यावर वारा लागेल असे बसवले. आणि गंमत म्हणजे एप्रिलमध्ये बाहेर ३९ असताना पाणी २७ च्या आसपास! चिलर दिवसातून जेमतेम तासभर चालायचा. यामागचं कारण आमच्या ओट्यावरच होतं, सासूबाईंच्या माठात. हवा कोरडी असली की पाण्याची वाफ झपाट्यानं होते, आणि एक लिटर पाणी उडताना साधारण पाऊण युनिट विजेच्या जवळपास उष्णता घेऊन जातं. माझं रोज चार लिटर उडत होतं.

पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. चार लिटर रोज भरलं नाही तर खारटपणा ३५ वरून (म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ) वर चढत जातो. म्हणून ऑटो टॉप-अप लावला, म्हणजे सम्पमधली पातळी उतरली की फ्लोट स्विच आरओचं पाणी सोडतो. मे महिन्यात एका रात्री त्या फ्लोटवर गोगलगाय चढून बसली. फ्लोट खालीच दबून राहिला आणि पंप चालूच. सकाळी बघते तर १५ लिटरचा कॅन रिकामा, खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये साडेबत्तीस, झोआ सगळ्या मिटलेल्या. त्या उघडायला तीन दिवस लागले. आता फ्लोटभोवती जाळीचा पिंजरा आहे आणि कॅन पाच लिटरचा. (पिण्याच्या आरओत चवीसाठी कच्चं पाणी मिसळणारा कंट्रोलर असतो, ते पाणी घालू नका. मी उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन जोडून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्यावर आणते.)

पंख्यांसाठी झाकण काढलं होतं, त्याची किंमत फायरफिशनं मोजली. तो उडी मारणारा मासा आहे हे मला माहीत होतं, तरी जाळी "रविवारी बसवू" म्हणून राहिली. सोफ्यामागे सापडला, वाळलेला. आत्ताचा दुसरा आहे.

आता चिलरबद्दल. जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग आले, घामाच्या धारा लागल्या आणि पंखे हवा हलवण्यापुरते उरले. जुलैत तर माठाचं पाणीसुद्धा कोमटच लागतं. खोली २८ वर, पण लाइट आणि पंपांची उष्णता धरून पाणी २९ च्या वर जायला लागलं. तेव्हा चिलर दिवसाला आठ-नऊ तास चालायचा आणि काटा २६ वरून हलायचा नाही. झेनियाच्या मुठी उघडझाप करत होत्या, एवढ्यावरच मी पैसे वसूल धरले. त्या दोन महिन्यांत बिल सहाशे-सातशेनं वाढलं.

तक्रारीही आहेत. टँकमधून काढलेली उष्णता तो खोलीतच फेकतो. मी आधी कॅबिनेटमध्ये कोंबला होता, तिथे स्वतःचीच गरम हवा ओढत बसायचा. बाहेर काढल्यावर आवाज थेट टीव्हीशेजारी. त्याचा सेन्सर एक अंश कमी दाखवतो, साध्या काचेच्या थर्मामीटरनं पकडलं. दर पंधरा दिवसांनी मागची जाळी ब्रशनं झाडावी लागते. आणि गुरुवारी वीज गेली की तो बंद, कारण कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका घेतो तो आमच्या इन्व्हर्टरला झेपत नाही. पंखे आणि वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप) मात्र इन्व्हर्टरवर निवांत चालतात, म्हणून पंखे काढलेले नाहीत.

जुना चिलर घेणार असाल तर आतली, पाण्याला लागणारी कॉइल टायटॅनियमची आहे ना, एवढं आधी विचारा. तांब्याची असेल तर खारं पाणी तांबं खातं, आणि ते पाण्यात उतरलं की कोरल, कोळंबी, गोगलगायी सगळ्यांचा निकाल. दुकानदार "चालतं" म्हणेल.

सध्या डिसेंबर आहे, पहाटे खोली विशीवर येते. चिलरचा प्लग काढून ठेवलाय आणि त्याच सॉकेटवर १०० वॉटचा हीटर चालू आहे.