एप्सन परफेक्शन व्ही६०० : घरच्या जुन्या फोटोंसाठी कसा आहे?

घरातल्या जुन्या अल्बमसाठी स्कॅनर घेताना बहुतेक जण डीपीआयचा (एका इंचात किती ठिपके टिपले जातात त्याचा) आकडा बघतात. बघायला हवा तो सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारा भाग. २००९ साली आलेल्या व्ही६००मध्ये काचेपासून थोडं वर असलेलंही टिपणारा सीसीडी सेन्सर आहे आणि या कामात त्याचं मोल मुख्यतः तेवढ्यासाठीच. यूएसबीच्या विजेवर चालणाऱ्या पातळ स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर असतो. त्याला काचेला टेकलेला कागदच नीट दिसतो, जरासं वर उचललं गेलेलं सगळं धूसर येतं. आणि जुना फोटो सपाट असतोच कुठे? कडा वळलेल्या असतात, कधी तो जाड पुठ्ठ्यावर डकवलेला असतो, कधी फ्रेमच्या काचेलाच चिकटून बसलेला. काचेला चिकटलेला आजोबांचा फोटो ओढून काढायला गेलं तर चेहऱ्यावरचा थर काचेवरच राहतो. तो काचेसकट व्ही६००वर ठेवावा. धार थोडी कमी येते, पण चेहरा शाबूत राहतो.

साध्या प्रिंटला ६०० डीपीआय पुरे. ४ × ६ इंचाच्या फोटोची फाइल त्यावर २४०० × ३६०० पिक्सेलची होते, २४-बिट टिफमध्ये (तपशील न गमावता साठवणाऱ्या फाइलमध्ये) साधारण २६ एमबी. फोटो तिकिटाएवढा किंवा पासपोर्टच्या मापाचा असेल तर १२०० ठेवा. मूळ प्रत टिफमध्येच ठेवायची, नातेवाइकांना पाठवायला तिच्यावरून जेपेग काढायची. शार्पनिंग आणि रंग सुधारण्याचे पर्याय स्कॅन करताना बंद असू द्या. ते नंतर प्रतीवर करता येतं, मूळ फाइलवर झालेलं पुसता येत नाही.

कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. रंगीत फाइल लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांची, म्हणजे चॅनेलांची असते. जुन्या कागदावरचे पिवळे डाग निळ्या चॅनेलमध्ये गडद दिसतात आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. रंगीत फाइल असेल तर नुसता लाल चॅनेल घेऊन अर्धी सफाई होते. ग्रेस्केलमध्ये ही संधी कायमची गेली.

काचेवर ४ × ६ चे चार फोटो मावतील असं वाटतं, पण मावत नाहीत. काच २१६ × २९७ मिमीची, आणि दोन उभे फोटो एकाखाली एक ठेवले की जवळजवळ ३०५ मिमी होतात. दोन उभे शेजारी आणि खाली एक आडवा, असे तीन नीट बसतात. साडेतीन बाय पाचचे मात्र चार बसतात. फोटो काठाला टेकवू नका, कडेची पट्टी कापली जाते. आणि नेमकं तिथेच कुणाचं तरी बोट, दाराआडून डोकावणारं एखादं पोर असतं.

खरी अडचण येते ती खडबडीत, रेशमी पोताच्या कागदावरच्या प्रिंटची. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, त्यामुळे प्रत्येक उंचवट्यावर पांढरा ठिपका चमकतो आणि आत्याच्या चेहऱ्यावर जाळी पसरल्यासारखी दिसते. उपाय आहे, वेळखाऊ असला तरी हमखास. फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंशात फिरवून स्कॅन करा. दुसरी प्रतिमा सॉफ्टवेअरमध्ये सरळ करून पहिलीवर तंतोतंत बसवा आणि वरच्या थराची अपारदर्शकता ५० टक्के करा. जाळी बरीचशी विरते.

धूळ काढणारी डिजिटल आइस ही सोय फिल्म आणि प्रिंट दोन्हींसाठी दिली आहे. रंगीत निगेटिव्हवर ती सुरेख चालते, कारण ती वापरते तो अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश रंगांतून आरपार जातो आणि धुळीवर अडतो. चांदीच्या कृष्णधवल निगेटिव्हवर ती वापरू नका, तिथे चांदीही प्रकाश अडवते आणि चित्रच धूळ समजलं जातं. प्रिंटवर ती फार संथ आहे. धूळ काढणारा साधा सॉफ्टवेअर पर्यायही बंद ठेवा. मावशीच्या गालावरचा तीळ त्याला धूळच वाटतो. मऊ ब्रशने फोटो झटकून घेणं आणि उरलेले ठिपके हाताने काढणं, याला दुसरा चांगला पर्याय नाही.

निगेटिव्हसाठी स्कॅनर मध्यम आहे. खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात मिळणारा तपशील त्याच्या चौथाईच्या आसपास असतो. ३५ मिमीला २४०० ठेवा, पुढे फक्त फाइल फुगते. जुन्या बॉक्स कॅमेऱ्याच्या मोठ्या निगेटिव्हवर मात्र हाच स्कॅनर फार छान काम करतो. ६ × ९ सेमीच्या निगेटिव्हमधून भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना, हातातल्या वर्तमानपत्राचा मथळा वाचता येऊ शकतो, आणि फोटो कधीचा हा घरातला जुना वाद तिथेच मिटतो. फिल्मआधी झाकणाच्या आतली पांढरी गादी काढायची असते, ती राहिली की काहीच दिसत नाही. फिल्म धरणाऱ्या होल्डरच्या टोकाची मोकळी खाच झाकली गेली तर चित्रावर उभ्या रेघा येतात.

चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या अल्बममधून फोटो नखाने उचकटू नका. बिनवासाचा डेंटल फ्लॉस फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. हटून बसला तर पानासकट स्कॅन करा. काच पुसताना द्रव कापडावर घ्यायचा, काचेवर फवारायचा नाही, कडेतून आत शिरतो.

सुटे, सपाट, धडधाकट फोटो हजारोंनी असतील तर याच कंपनीचा फास्टफोटो एफएफ-६८०डब्ल्यू घ्या, तो एका वेळी ३६ फोटोंची चळत ओढतो. पण दुमडलेला किंवा पुठ्ठ्यावरचा एकही फोटो त्यात घालू नका.

व्ही६००चा संथपणा मला दोष वाटत नाही. एक स्कॅन होईपर्यंत शेजारी बसलेल्या आजीला विचारता येतं, मागे सायकलला टेकून उभा आहे तो कोण, खिडकीत कुणाची उशी वाळत घातली आहे. नावं डावीकडून उजवीकडे लगेच लिहून घ्या. फोटोच्या मागच्या बाजूचंही ३०० डीपीआयवर स्कॅन करा आणि त्याच नावापुढे ‘मागे’ जोडून ठेवा. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, पेन्सिलीतली तारीख असते, कधी पणजोबांच्या अक्षरातली अर्धी ओळ. फाइलच्या नावात आधी साल ठेवा आणि फाइलमधली माहिती बदलणाऱ्या एक्झिफटूल या प्रोग्रॅमने फोटोची मूळ तारीख भरा, नाहीतर फोनमध्ये पणजोबा आजच्या तारखेखाली जाऊन बसतात.