सेकंडहँड लायका एम९ : भाव विचारण्याआधी सेन्सरची काच बघा

लायका या जर्मन कंपनीचा डिजिटल कॅमेरा एम९ सप्टेंबर २००९ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत नुसत्या बॉडीला ६,९९५ डॉलर मोजावे लागत. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या एम११ ची किंमत ८,९९५ डॉलर होती, तीही लेन्सशिवाय. नव्याचे भाव असे चढले की नजर आपोआप जुन्या बॉडीकडे जाते. त्यात हल्ली ‘सीसीडीचे रंग’ म्हणून जुन्या प्रकारच्या सेन्सरची (सीसीडी हे त्याचं नाव) हौस वाढली आहे. त्यामुळे दशकाहून जुना हा कॅमेरा काही कुणी पडेल भावात विकत नाही. विकणारा काळा रंग उडून दिसणारं पितळ दाखवतो, चामड्याची अवस्था दाखवतो, शटरचा आकडा सांगतो. सेन्सरवरच्या काचेचा विषय मात्र आपणच काढावा लागतो, आणि या कॅमेऱ्याचा भाव ठरायला हवा तो तिच्यावरच.

आधी कॅमेरा म्हणून तो कसा आहे ते. ३६ बाय २४ मिलिमीटरचा १८ मेगापिक्सेलचा कोडॅक सीसीडी, आयएसओ १६० ते २५००, सेकंदाला दोन फ्रेम. आठ फ्रेम झाल्या की बफर भरतो आणि कार्डाचा दिवा लुकलुकत असताना आपण नुसतं बघत राहायचं. लाइव्ह व्ह्यू नाही, व्हिडिओ नाही. मागची स्क्रीन अडीच इंची आणि २,३०,००० ठिपक्यांची, म्हणजे फोकस लागला की नाही हे तिच्यावरून ठरवायला जाऊ नये. आयएसओ ६४० पर्यंत फाइल फार सुंदर येते, १२५० ला सावल्या उचलायला गेलं की गाळ वर येतो. रंगांचं सगळं श्रेय सीसीडीला देतात ते आम्हाला पटत नाही. त्यात रंगफिल्टर, इन्फ्रारेड अडवणारी काच आणि कॅमेरा प्रोफाइल यांचा वाटा मोठा आहे. लो-पास फिल्टर (बारीक तपशील मुद्दाम जरासा मऊ करणारी काच) नसल्यामुळे बारीक पोत मात्र खरोखरच खुसखुशीत उमटतो. हातात धरायला, शांतपणे फोटो काढायला हा कॅमेरा आजही आनंदाचा आहे. प्रश्न आहे तो सांभाळण्याचा.

एम माउंटची लेन्स सेन्सरच्या फार जवळ बसते. माउंटपासून सेन्सरपर्यंत अंतर २७.८ मिलिमीटर, आणि वाइड लेन्सचं मागचं भिंग तर त्याहूनही आत घुसतं. त्यामुळे कोपऱ्यांकडे जाणारा प्रकाश फार तिरका पडतो. अशा तिरक्या किरणांच्या वाटेत जाड काच ठेवली तर कोपरे लिबलिबीत होतात, म्हणून काच पातळ हवी. पण पातळ काचेतून इन्फ्रारेड सुटतो. आधीच्या एम८ मध्ये ही काच ०.५ मिलिमीटरची होती आणि काळे सिंथेटिक कपडे जांभळट दिसत. शेवटी लायकाने एम८ च्या मालकांना लेन्सवर लावायला दोन-दोन यूव्ही-आयआर फिल्टर फुकट दिले. एम९ मध्ये काच ०.८ मिलिमीटरची झाली. एवढ्या कमी जाडीत इन्फ्रारेड अडवायचा तर काचच तशा जातीची घ्यावी लागते, आणि ती जात ओलाव्याला नाजूक. वर कोटिंग असतं, पण त्याला कुठे बारीक छिद्र पडलं की हवेतला दमटपणा तिथून शिरतो आणि काच आतून झिजू लागते. यालाच सेन्सर कोरोजन म्हणतात. एम९, एम९-पी, एम-ई आणि पहिला एम मोनोक्रोम या चारही बॉडींत हा रोग आहे, कारण सेन्सरचं घराणं एकच.

तो ओळखायची चाचणी पाच मिनिटांची आहे आणि कॅमेरा घेताना ती करू न देणाऱ्याकडून कॅमेरा घेऊ नये. ५० मिलिमीटरची लेन्स लावा, आयएसओ १६०, अ‍ॅपर्चर एफ/१६. फोकस सगळ्यात जवळच्या अंतरावर ठेवून निरभ्र आकाश किंवा एकसारखा पांढरा पडदा टिपा. समोरचं सगळं धूसर यायला हवं. मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त एक्स्पोजर द्या. डीएनजी, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल संगणकावर शंभर टक्के मोठी करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओळीने बघा. धुळीचा कण म्हणजे मऊ करडा ठिपका. तो ब्लोअरने उडतो, नाहीतर निदान जागा बदलतो. कोरोजनचा डाग जागेवरून हलत नाही. मध्ये गडद बिंदू आणि भोवती फिकट कडं, जणू कागदावर तेलाचा थेंब पडून पसरला आहे. एफ/२.८ ला तो दिसणारही नाही, म्हणून विक्रेत्याने पाठवलेले मोठ्या अ‍ॅपर्चरचे देखणे नमुने इथे काही कामाचे नाहीत. शंका राहिली तर सेन्सर ओल्या स्वॅबने एकदा साफ करून तोच फोटो पुन्हा घ्या. साफ करताना बॅटरी पूर्ण भरलेली हवी, कारण मध्येच वीज गेली तर शटरची पाती स्वॅबवर येऊन आपटतात. आणि पाणी मिसळलेलं द्रव या काचेवर अजिबात नको.

आता खर्चाचा मुद्दा, कारण इथे तो नुसता वाढला नाही, त्याचा प्रकारच बदलला. सुरुवातीला लायका सेन्सर फुकट बदलून देत असे. २०१७ मध्ये ही सवलत नवा घेतल्यापासून पाच वर्षांच्या आतल्या बॉडीपुरती ठेवली आणि बाकीच्यांसाठी ९८२ युरो अधिक कर असा दर लावला. २०२० मध्ये बदलायचे सेन्सरच संपले. म्हणजे आधी फुकट, मग महाग आणि शेवटी पैसे मोजले तरी मिळेना. महागड्या डिजिटल कॅमेऱ्याची ही शेवटची पायरी खरेदीच्या दिवशी कोणी हिशेबात धरत नाही. यांत्रिक फिल्म कॅमेऱ्याचा एखादा दांता लेथवर नवा कापून बसवता येतो, सीसीडी कुठल्याच कारागिराच्या टेबलावर घडत नाही.

दोष काही एकट्या लायकाच्या वाट्याचा नाही. निकॉनने २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग विकणं थांबवलं आणि मार्च २०२० अखेर तिथली अधिकृत बाहेरच्या वर्कशॉपची व्यवस्थाही बंद केली. त्याच निकॉनने डी६०० च्या सेन्सरवर डाग पडायला लागले तेव्हा वॉरंटी संपलेल्या बॉडींचंही शटर फुकट बदलून दिलं, हेही नोंदवायला हवं. पण तो कॅमेरा तेव्हा जेमतेम दीड वर्षांचा होता. भाग कारखान्यात असतात तोवर कंपनीला उदार होता येतं.

त्यामुळे बाजारातल्या एम९ चे आज तीन प्रकार पडतात. पहिला, नव्या काचेचा सेन्सर बसवलेला. त्याला जास्त पैसे द्यायला हरकत नाही, पण बिल बघूनच. बिलावर बॉडीचा सिरियल नंबर हवा आणि तारीख हवी. सुधारित काचेचे सेन्सर २०१५ पासून आले. त्याआधी बदललेला सेन्सर जुन्याच काचेचा असतो, म्हणजे ‘सेन्सर बदललाय’ हे वाक्य खरं असूनही निरुपयोगी. दुसरा, जुनी काच पण अजून डाग नसलेला. हा जुगार आहे. उद्या डाग पडणार नाहीत असं कोणीही लिहून देणार नाही, म्हणून काच बदलण्याचा पूर्ण खर्च भावातून वजा करूनच बोलणी करा. तिसरा, डागाळलेला. तो सुट्या भागांच्या भावात मिळाला तरच विचार करावा.

काच बदलणं म्हणजे सीसीडी तसाच ठेवून वरची गंजलेली काच काढायची आणि दुसरी चिकटवायची. काही स्वतंत्र वर्कशॉप हे काम करतात. काम जोखमीचं आहे. सेन्सरच्या कडेने केसापेक्षा बारीक तारा असतात आणि काच सोडवताना एक जरी तुटली तरी सेन्सर गेला. दुसरी अडचण जाडीची. काचेमुळे फोकसचं प्रतल तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे सरकतं. नवी काच ०.१ मिलिमीटरने जाड-पातळ झाली की फोकस सुमारे ०.०३ मिलिमीटर हलला. ऐकायला काहीच नाही, पण ६.८ मायक्रॉनच्या पिक्सेलवर एफ/१.४ ला तो फरक डोळ्यांच्या पापण्यांवर दिसतो. म्हणून काम देण्याआधी दोन प्रश्न विचारायचे: काचेची जाडी किती, आणि बसवल्यावर सेन्सरची बैठक शिम (पातळ चकती) घालून पुन्हा जुळवणार का. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर गुळमुळीत आलं तर कॅमेरा परत पिशवीत. तिरक्या किरणांचा मुद्दा इथेही आहेच, तेव्हा त्यांनी केलेल्या एखाद्या बॉडीवर २८ मिलिमीटरने काढलेली फ्रेम मागून कोपरे बघावेत.

रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस लावायची यंत्रणा, हा दुसरा, पण आटोक्यातला खर्च. धक्का बसला की तो हलतो. दूरचा टॉवर किंवा चंद्र घ्या, लेन्स अनंतावर टेकवा: दोन प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या पाहिजेत. मग एक मीटरवर पट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवून पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर पाच फोटो काढा, प्रत्येक वेळी फोकस नव्याने लावा. सगळ्या लेन्सना सारखीच चूक येत असेल तर दोष बॉडीचा, एकाच लेन्सला येत असेल तर त्या लेन्सचा. आडवी तार दोन दिसत असेल तर ती उभी चूक. डोळा शिणतो, फोकस बिघडत नाही. माउंटच्या आत दिसणारा छोटा रोलर घरच्या घरी फिरवायचा मोह अनेकांना होतो. त्याने अनंत जुळतं, पण सगळीच अंतरं सरकतात. जवळचं जुळवायला रोलरच्या दांड्याची लांबी वेगळी बदलावी लागते, आणि ती बदलली की अनंत पुन्हा बघावं लागतं. दोन-तीन फेऱ्यांचं हे काम आहे, जाणत्या हाताकडे द्यावं.

शटर १/४००० आणि १/२००० वर एकसारख्या भिंतीवर तपासा. फ्रेमच्या वरच्या आणि खालच्या भागाच्या उजेडात फरक दिसला किंवा आडवा पट्टा आला तर पाती थकली आहेत. बॅटरी १४४६४ क्रमांकाची, ३.७ व्होल्ट. जुनी फुगलेली असेल तर खाचेत अडकते. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी वापरा आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. मोठ्या कार्डाच्या नादाने कॅमेरा मध्येच थिजतो आणि लोक ते बॉडीचं दुखणं समजतात.

आमची पसंती एम-ई ला. सेन्सर तोच, फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये दुसऱ्या लेन्सची चौकट बघायची कळ आणि यूएसबी पोर्ट नाही, ज्यांची उणीव फारशी भासत नाही. एम९-पी ला स्क्रीनवर नीलमची काच मिळते. ती मागच्या स्क्रीनवरची काच, सेन्सरवरची नव्हे. तिच्यासाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

ठेवताना ड्राय कॅबिनेटमध्ये सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के राखा. चामड्याच्या बंद केसमध्ये महिनोन्‌महिने ठेवणं सगळ्यात वाईट, चामडं ओल धरतं. सिलिका जेल वापरत असाल तर रंग बदलला की भाजून पुन्हा कोरडं करा, नाहीतर ती नुसती पुडी उरते.

दुरुस्तीला परदेशी पाठवायची वेळ आली तर बिलात तपासणी, मजुरी, भाग, कॅलिब्रेशन, दोन्ही बाजूंचा विमा आणि वाहतूक अशा ओळी येतात. तपासणीचे पैसे दुरुस्ती नाकारली तरी द्यावे लागतात का, ते आधीच विचारा. कागदांवर ‘दुरुस्तीसाठी, परत येणार’ अशी नोंद आणि सिरियल नंबर असू द्या, नाहीतर स्वतःच्याच कॅमेऱ्यावर आयात शुल्क भरायची पाळी येते. बॅटरी आणि कार्ड काढून ठेवा, खालची प्लेट लावूनच पाठवा, आणि सोबत एफ/१६ च्या दोन डीएनजी फाइल द्या, डागांभोवती वर्तुळं काढलेल्या प्रतींसकट.