लीळाचरित्राचं गद्य की ज्ञानेश्वरीची ओवी?

दोन्ही तेराव्या शतकातली, पण वाचताना अनुभव अगदी वेगळा. लीळाचरित्रासाठी म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या आठवणी अनुयायांना विचारून विचारून गोळा केल्या आणि बोलल्यासारख्या लिहिल्या. कोण कुठे बसलं, काय म्हणालं, की झाली लीळा. काही तर चार ओळींत आटोपतात.

१२९० सालच्या ज्ञानेश्वरीत गीतेचा अर्थ उलगडतो तो ओवीतून. तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. म्हणताना आवाज त्या चौथ्यावर टेकतो, दम घेतो. म्हणून तर सुमारे ९,००० ओव्यांचं पारायण जमतं. पाठांतराला ओवीला तोड नाही. गद्य पाठ करून बघाच! पण माणूस प्रत्यक्ष कसा बोलायचा हे ऐकायचं, तर मी लीळाचरित्रच उघडेन. तिथे यमकापायी शब्द वाकवावा लागत नाही.