मार्चमाँट स्ट्रीटवरचं दुकान

पुण्याची माणसं लंडनला गेली की टॉवर ब्रिज, बकिंगहॅम राजवाडा आणि क्रिकेटचं वेड असलं तर लॉर्ड्स, एवढं करून येतात. आम्ही दोघींनी त्यातलं निम्मं सोडलं आणि एक अख्खी दुपार ब्लूम्सबरीतल्या पुस्तकांच्या दुकानात घालवली. दुकानाचं नाव 'गेज द वर्ड', पत्ता 66 मार्चमाँट स्ट्रीट. जानेवारी 1979 मध्ये समलिंगी माणसांनी ते काढलं आणि आजही आपलीच माणसं चालवतात. मी पाचपैकी पाच देते आणि का ते सांगते.

जायला सोपं आहे. हीथ्रोहून पिकॅडिली लाइन पकडली की गाडी न बदलता थेट रसेल स्क्वेअर, आणि तिथून पाच मिनिटं चालत. स्टेशनातून वर येताना लिफ्टच घ्या. पायऱ्या 175 आहेत, पर्वतीच्या 103 रोज चढणाऱ्यांनीही बॅगा घेऊन त्या नादाला लागू नये.

अशा दुकानाची माझी परीक्षा एकच असते. काही विकत न घेता, आम्ही एकमेकींच्या कोण हे कुणाला न सांगता, तिथे किती वेळ उभं राहता येतं? कॉलेजसाठी मी लालबागहून पुण्याला आले ते 1998 साल. अप्पा बळवंत चौकात काउंटरच्या पलीकडून प्रश्न यायचा, "काय पाहिजे?" मला जे पाहिजे होतं ते त्या काउंटरवर मोठ्यानं सांगायची सोय नव्हती. आज वय वाढलं, पगार वाढला, पण प्रवासात प्रश्न सुटत नाहीत. हॉटेलात "सिस्टर्स?", विमानात "मैत्रिणी मैत्रिणी निघालात वाटतं?" एका टॅक्सीवाल्या काकांनी तर मला हिची आई करून टाकलं. (मी चारच वर्षांनी मोठी आहे. केस रंगवत नाही, एवढंच.)

इथे काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर केली, हॅलो म्हटलं आणि पुन्हा आपली खोकी उघडायला लागले. बस. दुकान छोटंच आहे, मजले बिजले शोधू नका. दारातून शिरलं की टेबलावर नवी पुस्तकं आणि भिंती कादंबऱ्या, चरित्रं, इतिहास, कविता यांनी भरलेल्या. मी इतिहासाच्या कपाटाशी पाऊण तास उभी होते. शेजारी सत्तरीच्या पुढचे एक आजोबा होते, पिशवीतून कांद्याची पात बाहेर आलेली. त्यांनी कवितांचा एक पातळसा संग्रह उभ्या उभ्या जवळजवळ संपवला, जागेवर ठेवला आणि काउंटरला हात करून निघून गेले. कुणाच्या कपाळावर आठी नाही.

आमच्या हिला खून पडल्याशिवाय पुस्तक चालत नाही. तिनं तसं सांगितल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले. शेवटचं आवडलेलं पुस्तक कुठलं? आणि रक्त किती चालेल? मग तीन पुस्तकं काढून आणली आणि त्यातलं एक स्वतःच बाजूला ठेवलं. "हे मालिकेतलं तिसरं आहे. पहिलं वाचल्याशिवाय घेऊ नका, आणि पहिलं आत्ता माझ्याकडे नाही." हातातली विक्री सोडणारा दुकानदार मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सोहोत एका कॅफेच्या दारावर इंद्रधनुष्याचं, म्हणजे समलिंगी माणसांच्या झेंड्याचं, हे एवढं स्टिकर होतं म्हणून आत गेलो. चहा कोमट, किंमत तोंडाला फेस आणणारी आणि बसून दहा मिनिटं होतात न होतात तोच टेबल पुसायला फडका आला. नाव घेत नाही. मालक कोण होते कुणास ठाऊक, पण जून महिना, म्हणजे आपला 'प्राइड' महिना, आला की बँकांपासून सुपरमार्केटपर्यंत सगळ्यांनाच रंग चढतो, त्यामुळे स्टिकरवर भरवसा ठेवणं मी सोडलंय.

उलट मार्चमाँट स्ट्रीटच्या या दुकानानं त्या झेंड्याची किंमत मोजली आहे. 10 एप्रिल 1984 ला कस्टमवाल्यांनी इथे धाड घातली आणि हजारो पौंडांची पुस्तकं उचलून नेली. तेव्हा ब्रिटनमध्ये असलं साहित्य छापणारे थोडे, म्हणून बराच माल अमेरिकेतून यायचा, आणि गोम तिथेच होती. देशात छापलेल्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला झाला तर 1959 च्या कायद्यात वाङ्मयीन मूल्याचा बचाव होता. बाहेरून आलेल्या पुस्तकाला मात्र 1876 चा कस्टम कायदा लागायचा, आणि त्यात 'असभ्य' ठरलं की विषय संपला. टेनेसी विल्यम्स, गोर व्हिडाल, ख्रिस्टोफर इशरवुड, झाँ जने अशा लेखकांची पुस्तकं जप्त झाली, संचालकांवर कटाचे आरोप ठेवले गेले. लोकांनी वर्गणी काढून 55 हजार पौंडांच्या वर रक्कम उभी केली, त्यात व्हिडालनं स्वतःचे 3 हजार घातले. 1986 मध्ये सरकारनं आरोप मागे घेतले. 1860 मध्ये आपल्या गळ्यात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 बांधणाऱ्यांच्या राजधानीतली ही कथा. आपल्याकडे त्या कलमातून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध सुटायला 6 सप्टेंबर 2018 उजाडावं लागलं.

आणि ज्या वर्षी धाड पडली त्याच वर्षी ही मंडळी दुसऱ्यांसाठी पैसे गोळा करत होती! कोळसा खाणींचा संप चालू होता. 'लेस्बियन्स अँड गेज सपोर्ट द मायनर्स' नावाच्या गटाच्या बैठका याच दुकानात व्हायच्या आणि दक्षिण वेल्समधल्या डुलाइस खोऱ्यातल्या संपकरी कुटुंबांसाठी बादल्या घेऊन वर्गणी जमवली जायची. त्या गटाचा मार्क अ‍ॅश्टन 1987 मध्ये, वयाच्या 26 व्या वर्षी, एड्सनं गेला. त्याच्या नावाची पाटी दुकानाच्या दर्शनी भिंतीवर आहे, मान वर करून बघा. माझे बाबा 82 च्या गिरणी संपातले. त्या दिवसांत घरात तांदूळ कुणी आणून टाकला त्यांची नावं आई अजून बोटांवर मोजून सांगते. त्यामुळे त्या पाटीखाली मी जरा जास्तच रेंगाळले, हिनं दोनदा हाक मारली.

आता पैशाचं. पेपरबॅक साधारण दहा-अकरा पौंड, म्हणजे हजार-बाराशे रुपये. ऑनलाइन स्वस्त मिळेल, हो. पण 2007 मध्ये लंडनच्या वाढत्या भाड्यांनी हे दुकान बुडायच्या बेतात आलं होतं, तेव्हा वाचकांनी एकेका शेल्फचा खर्च उचलून ते वाचवलं. छापील किमतीचे दोन-तीन पौंड जास्त गेले तर ते त्या भाड्यात गेले असं मी धरते. मराठी पुस्तक मिळेल अशी आशा घेऊन जाऊ नका. बसून चहा प्यायचा तर त्याच रस्त्यावर कॅफे आहेत. जुन्या पुस्तकांचा नाद असेल तर थोडं पुढे 'जड बुक्स' आहे, खिशाला परवडणारं. तिथून टॅव्हिस्टॉक स्क्वेअरला गेलात तर बागेत मधोमध गांधीजी मांडी घालून बसलेत, पुतळा 1968 चा. आम्ही त्यांच्यासमोरच्या बाकावर घरून आणलेले ठेपले संपवले.

ग्लासगोला जाणार असाल तर गव्हनहिलमधल्या अ‍ॅलिसन स्ट्रीटवरचं 'कॅटेगरी इज बुक्स'ही बघा. एका क्विअर (म्हणजे समलिंगी, पारलिंगी वगैरे आपल्यातल्याच) जोडप्यानं 2018 मध्ये सुरू केलेलं, लंडनच्या दुकानाहून पुष्कळ तरुण. घरी छापलेल्या पुस्तिका चाळायला हात शिवशिवतात. मजा म्हणजे ही सगळी वस्तीच देशी दुकानांची, कोथिंबीर-भेंडीच्या खोक्यांमधून वाट काढत तुम्ही पुस्तकांपाशी पोचता. लंडनला मला कौतुक वाटलं, इथे घरच्यासारखं वाटलं. तरी एकच निवडायचं झालं तर मी लंडनच म्हणेन, केवळ त्या काउंटरवरच्या गृहस्थांसाठी.

आपल्याकडे शोभना कुमार यांनी 2010 मध्ये मुंबईतून 'क्विअर इंक' हे ऑनलाइन दुकान सुरू केलं तेव्हा मी पुस्तकं ऑफिसच्या पत्त्यावर मागवायचे, घरी पार्सल आई उघडायची म्हणून. त्याबद्दल त्यांचे उपकार आहेतच. पण पार्सलच्या खोक्यात उभं राहता येत नाही. पुण्यात कुणी असं दुकान काढायला तयार असेल तर एका शेल्फचा वर्षभराचा खर्च मी उचलते, हिनं खुनांचं शेल्फ आधीच मागून ठेवलंय. सदाशिवात काढा, डेक्कनला काढा, दुपारी एक ते चार बंद ठेवलंत तरी चालेल. कुणाकडे गाळा आहे का?