‘राजवाडा आज बंद आहे’ आणि माझे १,०६,२३८ रुपये

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे हसायचं असेल त्याला शेवटपर्यंत थांबायला नको. बँकॉकमध्ये एका नीलमाच्या खड्यापायी ३८,५०० बाथ, म्हणजे थायलंडचं चलन. क्रेडिट कार्डाच्या बिलात त्याचे झाले १,०२,०२५ रुपये, वर परकीय चलनाचा साडेतीन टक्के आकार ३,५७०.८८ आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी ६४२.७६. एकूण १,०६,२३८ रुपये ६४ पैसे. स्वतःच्या फसवणुकीवर जीएसटी भरलाय मी.

मी काही काल शहरात आलेला माणूस नाही. २७ वर्षं अकाउंट्समध्ये काढली, दुसऱ्यांची बिलं तपासून त्यातली लबाडी पकडली. थायलंडला निघण्याआधी सगळी तयारी केली होती. तिथे उतरण्याआधी भरायचा तो डिजिटल अरायव्हल कार्डचा अर्ज सरकारी साइटवर फुकट भरता येतो आणि त्याचे पैसे उकळणाऱ्या नकली साइट्स असतात, हे टूरच्या ग्रुपमधल्या चार जणांना मीच सांगितलं. पासपोर्टच्या झेरॉक्स वेगळ्या बॅगेत, पैसे दोन ठिकाणी, विमा काढलेला. चोर खिशात हात घालेल अशी तयारी होती. तो हसतमुखाने नकाशा उघडून देईल अशी नव्हती.

बँकॉकमध्ये आम्हाला एक ‘फ्री डे’ होता. ग्रँड पॅलेस, म्हणजे तिथला राजवाडा, टूरमध्ये फक्त बाहेरून होता, म्हणून आम्ही दोघं नदीतल्या बोटीने था चांगच्या धक्क्यावर उतरलो आणि चालत निघालो. सकाळचे दहा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात लॅमिनेट केलेलं ओळखपत्र, असा एक पन्नाशीचा गृहस्थ समोर आला. इंडिया? नमस्ते. मग चेहरा पाडून म्हणाला, आज बुद्ध डे, पॅलेस एक वाजेपर्यंत बंद. तोवर तीन देवळं बघून या, टुकटुक (तिथली रिक्षा) २० बाथ, सरकारी दर. पेनाने नकाशावर तीन गोल केले.

आता ऐका. ही माझा दंड धरून म्हणाली, “अहो, लोक आत जातायत की.” जात होते. छत्र्या घेऊन, टोप्या घालून, झेंडीवाल्या गाइडच्या मागे शेकडो लोक त्याच भिंतीच्या कडेने चालले होते. मी त्या माणसाकडे पाहिलं, तो म्हणाला, ते थाई लोक, प्रार्थनेला. आणि मी, २७ वर्षं अकाउंट्सवाला, हिला म्हणालो, “तू थांब जरा, त्याला माहीत असणार ना!” त्या गर्दीत सोनेरी केसांची निम्मी डोकी होती. कुठले थाई? तिथून दरवाजा दोनशे पावलांवर होता. दोनशे पावलं चालून बघायला माझे काय पाय मोडले होते?

तर पहिली गोष्ट: ग्रँड पॅलेस साधारणपणे रोज साडेआठ ते साडेतीन उघडा असतो. बंद आहे की नाही, हे फक्त दरवाज्यावरच्या माणसाला विचारा. रस्त्यावरच्याला नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल. तासभर फिरायला २० बाथ म्हणजे पन्नासेक रुपये. नाशिकरोडहून शालिमारला एवढ्यात कोणी स्पेशल रिक्षा नेईल का? हे टुकटुकवाले गिऱ्हाईक आणून सोडल्याबद्दल खड्यांच्या दुकानाकडून पेट्रोलची कुपनं घेतात, आपल्याकडून नाही. पहिल्या देवळात चिटपाखरू नव्हतं, फक्त पायरीवर बसलेला एक हिंदी बोलणारा सद्गृहस्थ. म्हणे दिल्लीचा, लंडनला असतो, दरवर्षी इथून नीलम नेतो, सरकारी सवलतीचा आज शेवटचा दिवस. परदेशात आपल्या भाषेत कोणी बोललं की आपण विरघळतो. तेच नको.

दुकान मात्र झकास. एसी, लिंबाचं सरबत, काउंटरवरच्या पोरीने हिंदीत विचारलं, “शनि के लिए?” आमच्या मुलाची मीन रास, साडेसाती चालू, नोकरीचं लांबलेलं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण भारतातून आलेल्या दहा जणांत चौघांच्या घरात साडेसाती असतेच. कांचनाबुरीचा नीलम, चार कॅरेट, भाव ५५,००० वरून ३८,५०० वर आला. पिन मी स्वतः टाकला. खडा प्लॅस्टिकच्या छोट्या पाकिटात घालून, कडा तापवून तिने ते माझ्यासमोर बंद केलं आणि बजावलं: पाकीट फोडलं की गॅरंटी गेली. म्हणजे दुसऱ्या सराफाला दाखवायची सोयच नाही. बंद पाकिटातला माल घेऊ नका, आणि पावतीवर आपला फोन नंबर लिहू नका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान. सकाळी पुन्हा पॅलेसला गेलो. तिकिटाच्या रांगेत कर्ण्यावरून घोषणा चालू होती: पॅलेस रोज उघडा असतो, बाहेरच्या अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका. इंग्रजीत, स्वच्छ, पुन्हा पुन्हा. हिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुकाट्याने ५०० प्रमाणे १,००० बाथची दोन तिकिटं काढली. आत तो प्रसिद्ध पाचूचा बुद्ध. तोही पाचूचा नाहीच म्हणे, दुसऱ्याच हिरव्या दगडाचा. पण त्याच्या नावावर कोणी माझं कार्ड घासलं नव्हतं.

मग पोलीस चौकी. साहेबांनी पावती उलटसुलट बघितली आणि विचारलं, खडा मिळाला ना? मिळाला. पैसे तुम्हीच दिले ना? दिले. मग गुन्हा काय? दुकानात जाऊन परत मागा, ७० टक्के देतील. दुकानात गेलो तर मॅनेजर तीन दिवसांनी येणार. आमचं विमान तीन तासांनी. परगावच्या माणसाकडे वेळ नसतो, यावरच तर यांचा धंदा चालतो. म्हणून शेवटच्या दोन दिवसांत परदेशात काही मोठं विकत घेऊच नका, आणि पर्यटक पोलिसांचा ११५५ नंबर निघतानाच फोनमध्ये ठेवा.

टूर मॅनेजर म्हणाला, ग्रुपवर सूचना टाकली होती. होती खरी, एक्केचाळीस शुभ सकाळच्या फुलांमध्ये. विमावाले म्हणाले, चोरी झाली असती तर बघितलं असतं, खरेदीला संरक्षण नाही. बँकेची तऱ्हा तर विचारूच नका. तक्रारीचा फॉर्म तीनदा परत आला. एकदा सही जुळत नाही, एकदा फाइल मोठी, एकदा दुकानदाराने चूक कबूल केल्याचं पत्र जोडा म्हणून. अहो, तो पत्र देणारा असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? ५२ दिवसांनी उत्तर आलं: पिन टाकून केलेला व्यवहार ग्राहकाच्या संमतीचा मानला जातो. इथल्या पोलिसांनी सांगितलं, हद्द त्यांची. सायबरवाल्यांनी सांगितलं, समोरासमोर झालंय, हे सायबर नाही. म्हणजे लुटायचंच असेल तर ऑनलाइन लुटावं, निदान अर्ज तरी घेतात. कार्डावरचे परदेशी व्यवहार ॲपमधून बंद करता येतात, मर्यादाही घालता येते. मी ठेवली होती दोन लाख. वीस हजार ठेवली असती तर मशीननेच मला वाचवलं असतं.

खडा सराफाने भिंगाखाली धरला. नीलमच आहे म्हणाला, पण भेगांत काच भरलेली. किंमत? “काका, चार-पाच हजार. बसवू नका, आचेवर काच निघेल.” तो आता देवघराच्या खणात, त्याच फोडलेल्या पाकिटात आहे. मुलाला नोकरी लागली, खडा न घालता.

गेल्या आठवड्यात फोन आला. हिंदीत, अदबीने. बँकॉकचा नीलम आम्ही पूर्ण किमतीला परत घेतो, फक्त कस्टमचे ९,५०० आधी भरा. मी कागद-पेन शोधत होतो, खरं सांगतो, शोधत होतो. हिने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, “आज नहीं होगा भैया. बुद्ध डे है, हमारा सब बंद है.”